भरताचं मीठ

"आई, थांबा! मूठ उघडू नका!"

मी ओरडले तशा सासूबाई दचकल्या. मुठीतलं थोडं मीठ ओट्यावर सांडलंच.

"काय गं बाई, विंचू दिसला का?"

"नाही. मोजायचंय."

"मीठ?"

"हो. ह्यात टाका." मी तराजूचं पारडं पुढे केलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला, पितळी वजनांचा तराजू होता तो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढून दोन दिवसांसाठी घरी आणलेला. आमच्या स्वयंपाकघरात तो तेल्याच्या दुकानात देव ठेवावा तसा दिसत होता.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तराजूकडे. मग निमूटपणे पारड्यात मूठ रिकामी केली, आणि बरणीतून दुसरी मूठ काढून तीही टाकली.

"दोन मुठी. घे, मोज. लिही. पण भरताला हात लावू नको. देवाचं आहे."

"नाही लावत."

हे मी म्हटलं खरं. आणि लावला. त्या एका हातापायी पुढे जे रामायण घडलं, तेच सांगायला बसले आहे.

साल एकोणीसशे पंच्याण्णव. सिन्नरला आमचं चार खोल्यांचं घर. सासरे, म्हणजे नाना, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झालेले. नवरा अविनाश बँकेत, मी शाळेत विज्ञान शिकवायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बोऱ्हाड्यांचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे घरातला सगळ्यांत मोठा सण म्हणजे चंपाषष्ठी. आषाढापासून घरात वांगं बंद. जवळजवळ पाच महिने कुणी नाव काढायचं नाही. मग मार्गशीर्षातल्या षष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि त्यानंतर वर्षातलं पहिलं वांगं तोंडात घालायचं. त्या दिवशी भाऊबंद, जावई, शेजारी धरून वीस-बावीस पानं उठायची. आणि सगळे यायचे ते सासूबाईंच्या भरतासाठी. देव आपला निमित्ताला.

सासूबाईंचं नाव अनसूया. त्यांच्या हाताबद्दल गावात जे बोललं जायचं ते ऐकून मला आधी कौतुक वाटायचं आणि मग चीड यायची. कारण कृती विचारली की त्या सगळी सांगायच्या, काही म्हणजे काही लपवायच्या नाहीत, आणि तरी कुणाला ते भरीत जमायचं नाही. ह्याला काही तरी कारण असणार ना? मला कारण लागतं. लहानपणी मी घड्याळ उघडून बघितलं म्हणून मार खाल्लेला आहे.

त्यात एक गोष्ट मला पहिल्या महिन्यातच खटकली होती. सासूबाई स्वयंपाक करताना कधीही चव घ्यायच्या नाहीत. नैवेद्याच्या दिवशी समजू शकते, देवाआधी जिभेवर काही ठेवायचं नाही ही सगळीकडचीच रीत. पण ह्या एरवीसुद्धा आमटीचा थेंब तळहातावर घेत नसत. विचारलं तर म्हणायच्या, "सवय मोडली की मोडली. एक दिवस चाखलं तर देवाच्या दिवशीही हात जाईल."

बायका ह्यावर हात जोडायच्या. मी आपली मनात म्हणायची, मग मीठ बरोबर कसं पडतं?

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. एवढी गाजलेली सुगरण, पण जेवायला बसलेल्या माणसाचा पिच्छा पुरवायची. "कसं झालंय? नीट सांगा." अविनाश म्हणायचा, "छान." त्यावर ह्या चिडायच्या. "छान म्हणजे काय रे? छान तर पाहुणेही म्हणतात." मला वाटायचं, काय हौस तरी ह्यांना स्तुतीची! एवढी ऐकून पोट भरत नाही का?

त्या वर्षी मात्र सासूबाई चंपाषष्ठीच्या आठ दिवस आधीपासून गप्प होत्या. कारण मला माहीत होतं.

माझी मोठी जाऊ शैलजाताई नाशिकला राहायची. नवा बंगला, त्यात देवघराची वेगळी खोली, स्वयंपाकघर एवढं मोठं की आत क्रिकेट खेळावं. दिवाळीला ती आली असताना सासूबाईंच्या समोर गॅसवर दूध करपून कोळसा झालं. सासूबाई तिथेच लसूण सोलत बसलेल्या. शैलजाताई बाहेरच्या खोलीतून धावत आली. "आई, अहो घरभर वास सुटलाय, तुम्हाला कळलं नाही?" सासूबाई म्हणाल्या, "लक्ष नव्हतं." त्याच आठवड्यात दोनदा तसंच झालं. मग शैलजाताईने मोठ्या दिरांशी बोलून नानांसमोर विषय काढला.

"आईंना आता होत नाही, नाना. गॅस आहे, उद्या काही बरं-वाईट झालं तर? मी काय म्हणते, देव आमच्याकडे नेऊ. आई नुसत्या पाटावर बसतील, मी करीन सगळं."

तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण सासूबाईंचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

नाना म्हणाले, "यंदाची षष्ठी तर होऊ दे. काही चुकलं तर बघू."

म्हणजे ठरलंच. काही चुकलं तर देव नाशिकला. आणि देव गेला की ते भरीत गेलं, बावीस पानं गेली, वर्षभर ज्या दिवसाकडे डोळे लावून ती बाई बसायची तो दिवसच गेला.

जाता जाता शैलजाताई मला म्हणाली, "वृंदा, तू शास्त्रवाली. आईंच्या सगळ्या कृती एका वहीत नीट लिहून काढ ना. मापासकट. मला उपयोगी पडतील."

आणि मी खुळी, आनंदाने हो म्हणाले! ही वही कुणाच्या हातून काय काढून घेण्यासाठी आहे हे डोक्यातच आलं नाही. मला फक्त कोडं दिसत होतं. पुस्तकांतल्या पाककृतींच्या शेवटी "मीठ चवीनुसार" असं लिहिलेलं असतं ना, त्याचा मला भयंकर राग. माझ्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत "आम्ल गरजेनुसार" लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी ठरवलं होतं, माझ्या वहीत ग्रॅममध्ये मीठ असेल.

तर त्या सकाळी पारड्यात दोन मुठी मीठ होतं. समोर मोठ्या काथवटीत भरीत. चार किलो वांगी मागच्या अंगणात काटक्यांच्या जाळावर भाजून, सोलून, ठेचून घेतलेली. त्यात मिरची-लसणाचा ठेचा, दाणे, कांद्याची पात. सासूबाई आपली हिरवी वांगी सोनांब्याच्या एकाच शेतकऱ्याकडून घ्यायच्या. त्या दिवशी शैलजाताईने नाशिकहून येताना तीन किलो जांभळी, गलेलठ्ठ वांगी आणली होती. सासूबाईंनी तिला वाईट वाटू नये म्हणून तीही भाजली, सोलली, ठेचली, आणि वेगळ्या परातीत झाकून कोपऱ्यात सरकवली.

"ही नाही घालायची?" मी विचारलं होतं.

"बिया किती आहेत बघ. संध्याकाळी गाईला घालू. बोलू नको तिला."

मी वजनं टाकत होते तेवढ्यात बाहेरून शैलजाताईची हाक आली. "आई, भंडाऱ्याची वाटी कुठेय?"

"आले गं," म्हणत सासूबाई गेल्या.

मीठ बेचाळीस ग्रॅम भरलं. मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. तीन वर्षांचं कोडं सुटल्यासारखा आनंद झाला मला. आणि त्या आनंदाच्या भरात पारडं काथवटीवर उपडं केलं, उलथन्याने दोनदा हलवलं, आणि शाळेच्या पारड्याला मीठ लागून राहू नये म्हणून ते धुऊन पुसायला मागच्या अंगणात गेले.

परत आले तेव्हा सासूबाई भरतावर कोथिंबीर पेरत होत्या. सगळं जागच्या जागी होतं. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत.

नैवेद्य झाला. आरती झाली. पाच जणांनी मिळून तळी उचलली, "सदानंदाचा येळकोट" झाला, भंडारा उधळला, पोरं पिवळी झाली. बाहेर पंगत बसायला लागली. शैलजाताई पानं मांडत होती. नैवेद्याचं ताट आत आलं.

सासूबाईंनी त्यातलं बोटभर भरीत उचललं, डोळ्यांना लावलं, तोंडात घातलं. सावकाश चावलं. गिळलं. पदराला हात पुसला.

"हं. झालं. वाढायला घ्या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तूही घे प्रसाद. कसं झालंय? नीट सांग."

मी घेतलं.

अरे देवा! जिभेला चटका बसावा इतकं खारट. समुद्राचं पाणी परवडलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, कसाबसा घास गिळला. आणि त्याच क्षणी सगळं समजलं. मी मीठ घातलं होतं, आणि पारडं जागेवर नाही बघून, मी मीठ त्यातच घेऊन बाहेर गेले असं समजून त्यांनी पुन्हा दोन मुठी घातल्या होत्या.

पण हे खारट भरीत त्यांनी आत्ताच खाल्लं होतं ना! मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक सुरकुती हलली नव्हती. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. अगदी मनापासून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असल्यासारख्या.

"आई..." मी म्हटलं.

शैलजाताई मघाशीच नानांचं ताट घेऊन गेली होती. नानांचं ताट नेहमी पहिलं. एरवीसुद्धा ते घरात सगळ्यांच्या आधी दहा मिनिटं जेवायला बसायचे. मला वाटायचं, एस.टी.च्या वेळापत्रकाची सवय. पहिला घास खाल्ला की त्यांची अंगठी ताटाच्या कडेवर वाजायची. कधी एकदा, कधी दोनदा, बहुतेक वेळा वाजायचीच नाही. तीही मला तिकीटखिडकीची सवय वाटायची.

बाहेरून आवाज आला. टण्. टण्.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ओट्याची कड धरली.

"दोनदा वाजलं?" त्या पुटपुटल्या. "दोनदा वाजलं ना गं?"

आणि मला, विज्ञानाच्या बाईला, तीन वर्षांत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. एकदा वाजलं की मीठ कमी. दोनदा वाजलं की जास्त. नाही वाजलं की बरोबर. नवरा आधी जेवायचा, बायको आतून कान देऊन ऐकायची, सुधारायची, आणि मग बाकीच्यांची पानं वाढायची.

"आई, तुम्हाला..."

"नाही कळत," त्या झटकन म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. आता विचारत बसू नको. मीठ दोन मुठीच घातलं मी. जास्त कसं झालं?"

"मी पण घातलं होतं. मोजलेलं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता कानाखाली बसणार. "हात लावू नको म्हटलं होतं ना तुला? एवढं एक सांगितलं होतं! देवाला खारट गेलं, आता बावीस पानांवर जाईल, आणि उद्या देव..."

तेवढ्यात बाहेर नानांचा आवाज घुमला. सिन्नर स्टँडवर पुण्याची गाडी लागल्याचं सांगायचे तो आवाज.

"कुणीही घासाला हात लावायचा नाही! तळी पुन्हा भरायची!"

"का हो नाना?"

"दोनदाच उचलली. तीनदा उचलायची असते."

"तीनदाच उचलली की!" हे मोठे दीर.

"दोनदा. मी मोजलंय. तीस वर्षं गाड्या मोजल्या मी, मला शिकवू नका. उठा सगळे. हात धुवा. जावईबापू, तुम्ही पण. पान-सुपारी नवीन घ्या, खोबरं नवीन फोडा."

बाहेर एकच गलका झाला. पोरं खूश, जावई वैतागलेले. मी आयुष्यात कुणावर इतकं प्रेम केलं नसेल जितकं त्या क्षणी नानांवर केलं.

"जांभळी वांगी!" मी म्हटलं.

सासूबाईंना सांगायला लागलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली परात ओढलीच होती. सगळी तीन किलो वांगी काथवटीत. मी मिरच्या-लसूण ठेचायला घेतला, त्यांनी दाणे, पात. मी तोंडाने सुरू, "चार किलोला चौऱ्याऐंशी ग्रॅम, म्हणजे सात किलोला हवं होतं साडेत्र्याहत्तर, म्हणजे अजून साधारण..."

"हिशोब नको," सासूबाई म्हणाल्या. उलथनं माझ्या हातात दिलं. "चाख."

"देवाच्या..."

"देवाला दाखवून झालंय. चाख आणि सांग."

मी चाखलं. "अजून खारट आहे."

"किती? चढतंय की नुसतं पुढे येतंय?"

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी पुन्हा चाखलं. "पुढे येतंय. मागे नाही राहत."

"मग दाणे घाल मूठभर. कच्चं तेल सोड. आता?"

"आता... मीठ बसलं. पण मिरची कमी वाटतेय."

"दोन मिरच्या भाजून चुरड. आता?"

मी बोलत होते आणि त्या करत होत्या. त्यांचे हात आणि माझी जीभ. बाहेर "येळकोट येळकोट" चाललं होतं. एकदा. दोनदा. आता तिसऱ्यांदा झालं की माणसं परत पानावर.

शैलजाताई दारात आली. "आई, काय चाललंय? वाढायचंय ना? आणि हे काय, एवढं भरीत?"

सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "तुझी वांगी घालतेय. म्हटलं, हौसेने आणलीस, सगळ्यांच्या पानात जाऊ देत."

शैलजाताईचा चेहरा खुलला. "खरंच? मला वाटलं तुम्ही गाईला घालाल!"

मी ओट्याकडे तोंड फिरवलं.

नानांचं ताट मी स्वतः बदलून नेलं. त्यांनी घास घेतला. मी तिथेच उभी. आत सासूबाई उभ्या असणार, कान देऊन. नानांनी माझ्याकडे बघितलं, अंगठीचा हात उचलला आणि मांडीवर ठेवून दिला. मग दुसरा घास घेतला.

पंगत दीड वाजता उठली. काथवट पुसून घेतली लोकांनी. मोठे दीर म्हणाले, "यंदा काही तरी वेगळंच झालंय, पण छान झालंय." शैलजाताई सगळ्यांना सांगत फिरली की निम्मी वांगी तिची. निघताना ती सासूबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमचं तुम्हीच करा हो आई. माझ्याने एवढ्या माणसांचं निभायचं नाही. फक्त दूध वृंदाला तापवू द्या." मोठ्या दिरांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "काही चुकलं का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. देव राहिला.

गाडीत बसायच्या आधी शैलजाताईने वही मागितली. मी म्हटलं, "एक मिनिट, भरताचं एक राहिलंय." आत येऊन ते पान उघडलं. बेचाळीस ग्रॅम, खाली दोन रेघा. मी ते खोडलं. वर काय लिहावं ह्याचा विचार करावा लागला नाही. मीठ, चवीनुसार.

आता सासूबाईंना जाऊन चौदा वर्षं झाली. नाना त्यांच्या आधीच गेले. देव अखेर नाशिकला गेला, नीटपणे, सगळ्यांच्या मर्जीने. दर चंपाषष्ठीला सकाळी शैलजाताईचा फोन येतो. "वृंदा, अगं हे चवीनुसार काय लिहून ठेवलंयस? देवाआधी चव कशी घेऊ मी?" मी म्हणते, "मुठीने घाला ताई, दोन मुठी." ती म्हणते, "कुणाच्या मुठी?" दरवर्षी हेच. तिला अजून मी खरं सांगितलेलं नाही.

पण त्या दिवसाचं एक राहिलं.

पाहुणे गेल्यावर चारच्या सुमाराला आम्ही दोघी मागच्या अंगणात जेवायला बसलो. ऊन कलतं होतं, मघाच्या जाळाची राख अजून कोमट होती. सासूबाईंनी रोडगा कुस्करला, त्यावर तेल घेतलं, भरीत घेतलं. मी विचारल्याशिवाय राहणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून आधीच बोलल्या.

"अविनाश बारावीला होता तेव्हा मोठा ताप आला होता मला. महिनाभर. उठले तर तोंडाला काही नाही. गूळ नाही, मिरची नाही. वासही गेला. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. दोन वर्षं रोज सकाळी उठले की मिठाचा खडा जिभेवर ठेवायची. आज लागेल, उद्या लागेल."

"मग?"

"मग सोडलं."

"नानांना कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. नवऱ्याला कळतं गं. म्हणाले, तू कर, मी सांगतो."

"मला का नाही सांगितलंत? तीन वर्षं मी इथेच आहे."

"तुला सांगितलं असतं तर तू वहीत लिहिलं असतंस."

खरं होतं. लिहिलंच असतं, आणि वर शैलजाताईला वाचून दाखवलं असतं. मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"मिठाचं ना? झालं ते. खंडोबाने पचवलं असेल." त्या थोडं हसल्या. मग ताटातलं भरीत बोटाने इकडचं तिकडे करत बसल्या. खात नव्हत्या.

"काय झालं आई?"

"काही नाही." मग बोट थांबलं. "अकरा वर्षं करतेय हे. सगळे खातात. मी विचारते, कसं झालंय. छान म्हणतात. पुढे कुणी बोलतच नाही. त्यांना तरी काय सुचणार, त्यांना ते लागतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मघाशी तू बोललीस ना, पुढे येतंय, मागे राहत नाही. तसं सांग ना मला. सगळं. आणि छान म्हणू नको."

मी घास उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट, लक्ष देऊन खाल्ला.

"आधी धूर लागतो," मी म्हटलं.

"कसला? करपल्याचा?"

"नाही. लांब कुणी तरी काटक्या पेटवल्यात, तेवढाच. मग वांगं गोड लागतं. मला वांगं गोड असतं हे माहीतच नव्हतं."

"असतं. मग?"

"मग दाणे. आणि पात कचकचते. लसूण कुठे आहे ते सापडत नाही, पण आहे. मिरची लगेच नाही लागत, गिळल्यावर येते, कानापाशी."

सासूबाईंनी डोळे मिटले होते. घास तोंडात होता आणि त्या माझ्या बोलण्याबरोबर सावकाश चावत होत्या.

"आणि मीठ?" त्यांनी विचारलं.

"मीठ लागतच नाही."

त्यांनी दचकून डोळे उघडले. "कमी पडलं?"

"नाही आई. बरोबर पडलंय. म्हणून लागत नाही."

त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हो," त्या म्हणाल्या. "असंच लागायचं."

आणि दुसरा घास घेऊन म्हणाल्या, "परत सांग. धुरापासून."